नदीच्या पायऱ्यांवरचा पिंजरा

मी नदीतला एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पिंजरा म्हटले की तुम्हाला पोपट आठवेल, नाहीतर वाघ. माझे काम मात्र उलटे होते. धोकादायक जे जे होते ते बाहेर मोकळे फिरायचे आणि एक लहान मुलगी माझ्या आत असायची.

घनदाट जंगलातून वाहणाऱ्या या रुंद नदीत मगरी आहेत, पाणघोडे आहेत, आणि पुराबरोबर फांद्यांना विळखा घालून येणारे सापही आहेत. काठावर घर एकच. तिथला माणूस रोज दोन वेळा नदीचे पाणी मोजून वायरलेसवरून शहरातल्या कचेरीला कळवायचा. होडीवाले त्याला मोजणीदार म्हणत. तो बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन इथे आला, आणि पहिल्याच आठवड्यात पाणी प्यायला उतरलेला त्यांचा कुत्रा मगरीने नेला. बायकोने कपड्यांची ट्रंक दारातच ठेवली.

"आधी पाण्याला कुंपण घाला," ती म्हणाली. "तोवर मी ही उघडणार नाही."

मग होडीतून एक म्हातारा सुतार आला. नऊ दिवस राबून त्याने घरापुढून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांभोवती बत्तीस खांब ठोकले आणि मी तयार झालो. दोन खांबांमध्ये चार बोटांची फट. जाताना तो मोजणीदाराला म्हणाला, "आठवड्यातून एकदा खांब ठोकून बघत जा, साहेब. लाकूड आतून कुजतं, वरून कळत नाही."

त्या मुलीचे बालपण माझ्यातच गेले. ती पाण्यातून बाहेर निघायचीच नाही, म्हणून आई तिला बेडकी म्हणायची. चार हात मारले की समोरचा खांब, वळून चार हात मारले की पायरी, एवढ्याशा जागेत ती पोहायला शिकली. बोलायला दुसरे मूल नव्हते. सर्वांत जवळचे घर होडीने दीड दिवसावर. तिने माझ्या खांबांना वर्गातली मुले केले. त्यांना पाढे विचारायची, उत्तरे स्वतःच द्यायची आणि चुकलेल्या खांबाला छडी मारायची. मला तो मार आवडायचा. समोरच्या वाळूवर एक तुटक्या नाकाची मगर पडून असे. तिला बेडकी मामा म्हणे.

"मामा असा असतो?" आईने एकदा विचारले.

"मला काय माहीत? मी खरा कुठे पाहिलाय?" बेडकी म्हणाली. आई मान खाली घालून कपडे धूत राहिली.

एकदा कचेरीचे मोठे साहेब लाँचने आले. "असा भक्कम पिंजरा साऱ्या नदीवर नाही," असे म्हणून त्यांनी माझ्यावर थाप मारली. मोजणीदाराची छाती फुगली. मीही फुगलो असेन. पण त्या कौतुकानंतर मला ठोकून बघणे मागे पडले. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे वर्ष झाले.

बेडकी दहा वर्षांची असताना माझा कोपऱ्यातला खांब आतून पोकळ झाला. मला कळत होते, पण मला तोंड कुठे होते? आईच्या मात्र ते लक्षात आले.

"तो कोपरा हलतोय."

"उद्या बघतो."

असे अनेक उद्या गेले. शेवटी आईनेच खांबाला तार गुंडाळली.

एका दुपारी बाहेरून धक्का बसला. तार तुटली, खांब मोडला आणि त्या फटीतून मगरीचा जबडा आत आला. आत पोहत असलेली बेडकी पायरीकडे झेपावली, पण तिचा डावा पाय सापडला. आई पायरीवर कपडे धूत होती. हातातले धोपाटणे तिने मगरीच्या डोळ्यावर हाणले, पुन्हा हाणले, आणि जबडा सुटेपर्यंत हाणत राहिली. बेडकी वाचली, पण तिच्या पायाची तीन बोटे गेली. आईने तिला होडीतून शहरातल्या दवाखान्यात नेले, आणि तिथूनच ती मावशीकडे शाळेला राहिली.

मोजणीदाराने दुसऱ्याच दिवशी नवा खांब बसवला. मग तो रोज सकाळी एकेक खांब ठोकू लागला. माझ्यात आता कोणी उतरत नव्हते. पाणीसुद्धा वरून दोरीनेच काढायचे.

"आता कोणासाठी?" बायको विचारायची.

"आली तर असावा," तो म्हणायचा.

सहा वर्षांनी बेडकी आली. उंच झाली होती, जरा लंगडत होती. ती वरच्या पायरीवर बसली. तिचे वडील कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि गळ्याएवढ्या पाण्यात माझ्या मधोमध उभे राहिले.

"ये, बेडके. आता पक्का आहे."

"दिसतंय मला, बाबा."

ती खाली आली नाही. वडील बराच वेळ तसेच उभे होते. मग तीच म्हणाली, "बाबा, वर या. गारठाल."

आता घर बंद आहे. पाणी मोजायला यंत्र बसले आहे. माझ्यातून मासे येतात-जातात, पण पाढे कोणी विचारत नाही. मित्रांनो, मोडलेला खांब मोजणीदाराने एका दिवसात बदलला. एवढेच काम होते ते. तुमच्या घरात कोणी म्हणाले, 'हे जरा हलतंय', तर ते त्याच दिवशी दुरुस्त करायला सांगा. मोठी माणसे कंटाळा करतील. त्यांचा हात धरा आणि त्यांना तिथवर घेऊन जा.