गाळणी क्रमांक तीन

‘नदीच्या या पट्ट्यात कौलारू कासवाचा आढळ नाही; सबब वाळूउपशास हरकत नसावी.’ जलविभागाच्या अहवालातले हे वाक्य ज्या पाहणीवर उभे होते, ती तीन अधिकाऱ्यांनी भर पुरात, पुलाच्या कठड्यावरून, हातातला चहा गार होण्याच्या आत उरकली होती. कौलांसारखी उतरती पाठ असलेल्या या कासवाची मादी वाळूवर येते ती पाणी ओसरल्यावर, अंडी घालायला. तोवर अहवाल छापून झाला होता. जे पाहायला कोणी गेलेच नाही ते अस्तित्वात नसते, हा सिद्धान्त विभागाने सही-शिक्क्यानिशी मांडला होता.

तोच अहवाल आज चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर होता, आणि बाहेरच्या बाकावर गाळणीवाला बसला होता. शहराचे पाणी गाळणारे वाळूचे तीन हौद, म्हणजे वाळूगाळण्या, तो याच विभागाच्या नोकरीत एकतीस वर्षे सांभाळत आला होता. तिसरी गाळणी एकाहत्तर दिवस कोरडी ठेवून नोंदवहीत ‘दुरुस्ती चालू’ असे खोटे लिहिले, हा त्याच्यावरचा आरोप. निवृत्तीला चार महिने उरले होते.

“तात्या, झडप अडकली होती म्हणा,” पंपाचा मेकॅनिक कानाशी लागला. “मी मान डोलावतो. मिटलं प्रकरण.”

“आणि झडप?”

“ती काय बोलणार आहे? तुमच्यासारखी थोडीच आहे, नको तिथे तोंड उघडायला!”

गाळणीवाल्याला हसू आले. हा माणूस एकाहत्तर दिवस कोरड्या गाळणीवरून ये-जा करत होता आणि एकदाही त्याने ‘काय हो हे?’ म्हटले नव्हते. असे न विचारण्याचे उपकार कसे फेडायचे असतात?

यंदा पूर ओसरल्यावर पाणी ओढायच्या धक्क्यावरून त्याने कौलारू कासवाच्या एका मादीला समोरच्या वाळूपट्टीवर खड्डा करताना पाहिले होते. पाठीच्या कडेला खाच असलेली ही एकटीच मादी त्याच्या ओळखीची होती. दुसरी त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. तिसऱ्या दिवशी उपशाची यंत्रे येऊन उभी राहिली. गाळणीवाला बादली घेऊन गेला आणि एकोणीस अंडी काढून आणली. मग त्याने जे केले ते केवळ गाळणीवालाच करू जाणे. गाळणीत जाणारी वाळू आधी धुवायची, ही एकतीस वर्षांची हाताची सवय. तीन अंडी त्याने नळाखाली धरली, चोळून, फिरवून स्वच्छ केली. चौथे हातात घेतल्यावर मात्र त्याला शंका आली. त्याने कासवांचा अभ्यास करणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकाबाईंना फोन लावला.

“धुतली? अहो, बटाटे आहेत का ते?” बाई कडाडल्या. “किती फिरवलीत?”

“तीन.”

“ती गेली. उरलेल्यांवर वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारा. फुली आभाळाकडेच राहिली पाहिजे. आतला जीव वर कवचाला चिकटलेला असतो, उलटलात की संपला.”

सोळा फुल्या आभाळाकडे ठेवून त्याने अंडी तिसऱ्या गाळणीच्या वाळूत पुरली आणि तिचे पाणी तोडले. शहराला घोटभरही कमी पडू नये म्हणून उरलेल्या दोन गाळण्यांवरचा गाळ तो दुप्पट वेळा, फावड्याने, स्वतः खरवडत राहिला. बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि काठावर बसायची.

“माझ्या दोन्ही बाळंतपणांत फिरकला नाहीत.”

“तेव्हा ड्युटी होती गं.”

“आणि आता?”

“आताही ड्युटीच आहे.”

बाईंनी फोनवर बजावले होते, “अर्ध्या वाळूवर गोणपाटाची सावली करा. उन्हात तापली तर सगळ्या मुलीच होतील.” हे ऐकून बायको म्हणाली, “होऊ द्या की! तुमचं काय बिघडतंय?” पण घरून गोणपाट आणले तिनेच. पिल्ले निघाली तेव्हा ओंजळीत धरून नदीपर्यंत नेली तीही तिनेच. ती म्हणाली, “बरं झालं, मला बोलावलंत.” एकतीस वर्षांत त्याच्या कामाबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.

दुसऱ्याच दिवशी नवे साहेब फेरीला आले आणि दुरुस्तीचे सामान कुठे आहे, असे विचारून गेले.

बाईंनी पिल्लांचा फोटो विभागाला पाठवला होता. ‘सदर पिल्ले याच नदीची कशावरून?’ असे उत्तर आले. पुढच्या आठवड्यात पलीकडची, शेवटची वाळूपट्टी त्याच अहवालाच्या आधारे उपशाला जाणार होती. बाई म्हणाल्या होत्या, “त्यांच्या स्वतःच्या कागदावर ते कासव एकदा यायला हवं हो. माझ्या कागदाला कोण विचारतो?”

आत बोलावणे आले.

“तुमच्या शब्दांत सांगा,” अधिकारी म्हणाले. “लिपिक लिहून घेतील. सही झाली की कागद सरकारी झाला. मग त्यातलं अक्षर बदलता येणार नाही.”

“कोणालाच नाही?”

“कोणालाच नाही.”

“फार उपकार झाले, साहेब,” गाळणीवाला मनापासून म्हणाला. मग लिपिकाकडे वळला. “सावकाश सांगतो. जसंच्या तसं घ्या.”

लिपिकाने घेतलेला जबाब असा :

“होय. तिसरी गाळणी बिघडली नव्हती. दुरुस्ती चालू, हे मी खोटं लिहिलं. तिच्यात मी कौलारू कासवाची सोळा अंडी पुरली होती. ती याच नदीच्या वाळूपट्टीवरची. मादी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. चौदा पिल्लं निघाली, ती याच नदीत सोडली. अंडी मुळात एकोणीस होती. तीन मी नळाखाली धुतली, उलटीपालटी केली, ती गेली. त्यांच्याबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. पण तो गुन्हा माझाच आहे, तोही लिहा.”