पहिली कुणाची

“विचारलं तर मदतनीस म्हणायचं, बाई. शिक्षिका म्हणायचं न्हाय.” नळदुर्ग मागं पडलं तरी भीमाशंकर गुरुजींचं तेच चालू होतं. शिवप्रियाने मान हलवली. एसटीची काच लागत नव्हती, धूळ दोघांच्याही तोंडात जात होती, पण गुरुजी बोलायचे थांबेनात.

उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावात गुरुजी जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. पहिलीचा वर्गही कागदावर त्यांचाच. प्रत्यक्षात ते दिवसभर खिचडीच्या हिशेबात आणि ऑनलाइन माहितीत बुडालेले असत, आणि घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना शिवप्रिया मराठीवर आणी. नेमणूक ‘भाषा मदतनीस’ अशी. तिला मिळे ते मानधन. त्यात मान किती आणि धन किती, हे शहाण्याने विचारू नये.

आज धाराशिवला समितीपुढे सुनावणी होती. कंत्राटी शिक्षकांचं किमान वेतन ठरणार होतं. मदतनिसांना त्यात घ्यायचं की नाही, हे त्यांच्यातल्या काहीजणींना विचारून ठरवायचं होतं. आपण शिकवतो असं शिवप्रियाने सांगितलं, तर तिच्यासारख्या साऱ्याजणींना आशा होती. आणि आपला वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात घातला म्हणून गुरुजींची चौकशी लागणार होती. नवरा गेल्यावर तिला या कामावर लावलं ते गुरुजींनीच. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.

सभागृहात पंखे गरगरत होते, तरी तिच्या पाठीला घाम फुटला. अध्यक्षबाईंनी पद विचारलं. तिने पढवलेलं उत्तर दिलं.

“मदत कुणाला करता?”

“पोरांना.”

लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. मग वर्ग कोण घेतं, असं त्यांनी विचारलं. शिवप्रियाने गुरुजींकडं पाहिलं. खुर्चीतले गुरुजी उगाच चष्मा पुसू लागले. तिला त्यांची कीव आली आणि रागही आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती वर्षं खायचा?

“म्याच घेते. पहिली माझी हाय.”

“वर्गावर नाव तर मुख्याध्यापकांचं आहे.”

“नाव त्यांचं. पोरं माझी.”

सगळ्यांच्या नजरा गुरुजींकडं वळल्या. त्यांना उभं केलं. खोटं बोलायला त्यांना वाव होता, कागद त्यांच्या बाजूने होता. बाई खरं बोलतात, एवढंच म्हणून ते खाली बसले.

परतताना तुळजापूरच्या स्टँडवर गुरुजींनी दोन चहा सांगितले.

“मला आधी सांगायचं होतं की, बाई.”

“सांगितलं असतं तर आणलं असतं का मला, गुरुजी?”

गुरुजींनी चहा बशीत ओतला आणि प्यायचं विसरले. गाडी लागली तशी बशी तिथंच ठेवून उठले.

उन्हाळ्यात त्यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. किमान वेतनही लागू झालं. मदतनीस हा शब्द गेला, शिक्षक हा शब्द आला. पण सरकारी शब्द कधी एकटा येत नाही, त्याच्या शेपटीला अट असतेच. शिक्षक म्हटलं की पात्रता परीक्षा हवी. शिवप्रिया बारावी पास. तिने भांडून जागा मिळवली आणि त्या जागेत तीच बसेना.

तिथं परीक्षा पास झालेली, तेर गावची सृष्टी आली. पोरगी सरळ होती. रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी घर शोधत आली, दारातच उभी राहिली, तुमच्या जागेवर बसायला नको वाटतंय म्हणाली. ही पोरगी निदान वाईट तरी निघायला हवी होती. तिने सृष्टीला आत घेतलं, चहा टाकला.

“बसा बिनघोर. फकस्त पगार पुरा घ्या, बाई. तुमी कमीवर सही केली, तर मागून येणाऱ्या बाया पुन्ना मदतनीस होत्याल.”

जुलैत शिवप्रिया खुरपणीला जाऊ लागली. शेताची वाट शाळेवरूनच होती. एके सकाळी ती आणि सोबत खुरपायला जाणारी मथुराबाई फाटकासमोर आल्या आणि आत राष्ट्रगीत सुरू झालं. शिवप्रियाने डोक्यावरचं भाकरीचं गठुडं खाली ठेवलं, हात सरळ केले आणि रस्त्यातच उभी राहिली.

“चल की गं,” मथुराबाई म्हणाली, “उशीर झाला तर मालक आजचा रोज कापंल.”

ती हलली नाही. मथुराबाई पुढं निघून गेली. राष्ट्रगीत संपलं, पोरं रांगेनं आत गेली, सगळ्यांत शेवटी पहिलीची. मग तिने गठुडं उचललं.