दोन आकड्यांमधली कोपी

बॉयलरच्या वेल्डिंगचे फोटो काढण्यात माझी हयात चालली आहे. एक्स-रेसारखेच, पण इरिडियमच्या किरणांनी. फोटो काढणं सोपं. जीव खाते ती भोवती बांधायची दोरी. किरणं बाहेर असताना दोरीच्या आत माणूस नको, आणि आत कोणी ना कोणी असतंच.

त्या डिसेंबरात, पारगावच्या साखर कारखान्याच्या बाजूला, अंजना होती. ऊसतोडीच्या टोळीतली बाळंतीण. पुस्तकातल्या आकड्यावरून मी काढलेल्या मापाने तिची पाचटाची कोपी दोरीच्या आत येत होती. सासू लंकाबाई दारात आडवी उभी राहिली.

"आज पाचवी हाय, भाऊ. पाटा मांडलाय. सटवाई लेकराचं नशीब लिवायला येती. आज बाळंतीण जागा सोडत न्हाई."

सकाळ अशी भांडणातच गेली. दुपारी कारखान्याचा इंजिनिअर सुदर्शन नवं पुस्तक घेऊन आला. "गफूरभाऊ, यात इरिडियमच्या किरणांच्या जोराचा आकडा कमी आहे. कोपी बाहेर राहते."

खरंच कमी होता. चूक कुणाचीच नव्हती. माझ्या जुन्या पुस्तकाने सगळी किरणं मोजली होती, भोवतीच्या पोलादी डबीतच जिरून जाणारी क्षीण किरणंसुद्धा. नव्याने फक्त डबीबाहेर पडणारी मोजली होती. आमचं इरिडियम डबीतच असतं, म्हणजे नवा आकडाच आम्हाला लागू. दोरीत फरक सात-आठ पावलांचा, आणि कोपी नेमकी तेवढ्यात.

सुटलो, असं वाटलं. मी दोरी अलीकडे घेतली. तेवढ्यात अंजनाने आतून विचारलं, "सकाळी धोका व्हता, आन आता न्हाई? आसं कसं?"

दमलेल्या माणसाला थापही मारता येत नाही. मी दोन्ही आकडे सांगितले, डबीचं सांगितलं, नवा आकडाच आपला हे शपथेवर सांगितलं.

ती लेकरू उचलून बाहेर आली. सकाळपासून भांडणारी लंकाबाईही अडवेना. तिने पाटा उचलला. माझं डोकंच फिरलं.

"अहो मावशी, तुम्ही दोरीच्या बाहेरच आहात! आता कशाला हलता?"

"तुमचं पुस्तक चुकलं तर दुसरं छापत्यात, भाऊ. सटवाई एकदाच लिवती."

दोघी मोठ्या आकड्याच्याही पलीकडे, उसाच्या बांधावर जाऊन बसल्या. माझं गणित बरोबर होतं. तरी मी दोरी सोडली आणि त्यांच्या पायांपाशी नेऊन बांधली.