दहा चित्रं

मुठ्याने आठवं चित्र ओळखलं, "छत्री," आणि बोलणं तपासणाऱ्या बाईंनी खूश होऊन कागदावर खूण केली. आई मात्र बाईंकडे बघायचं टाळत होती.

मुठ्या हे नाव मामाने ठेवलेलं. साडेसहा महिन्यांतच बाहेर आलेलं ते पोर त्याला मुठीएवढं दिसलं होतं. आता तो अडीच वर्षांचा होता. पळायचा, चढायचा, पण बोलायच्या नावाने शून्य. आत्या म्हणायची, वहिनी, तूच इतकी बोलतेस, त्याला संधी कुठे मिळणार! डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं होतं. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम हळूहळू डाव्या भागाकडे जातं. फार लवकर जन्मलेल्या मुलांत ही वाटणी कधीकधी रेंगाळते, वेगळीही होते. म्हणून काही मूल मठ्ठ ठरत नाही, पण शब्दांसाठी मदत लागू शकते, आणि ती लवकर मिळालेली बरी.

आईने त्यातला 'मठ्ठ' एवढा एकच शब्द घरी नेला.

मागच्या खेपेला तपासणीला आले तेव्हा चित्रांचा गठ्ठा टेबलावर उघडाच पडला होता. तिने दहाही चित्रं लक्षात ठेवली, घरी जाऊन कागदावर काढली आणि तीन आठवडे अंघोळ घालताना, भरवताना त्याच्याकडून घोकून घेतली.

उरलेली दोन चित्रंही मुठ्याने धडाधड सांगितली.

"छान आहे की," बाई म्हणाल्या. "बोलण्याच्या वर्गाची याला गरज दिसत नाही. यादीतून नाव काढूया?"

हो म्हटलं की सुटका. तिने मुठ्याकडे पाहिलं. सकाळीच त्याला पाणी हवं होतं, तर तिचा हात धरून तो नळाकडे ओढत होता. रडला, पण 'पाणी' काही म्हणाला नाही. पाणी त्या दहांत नव्हतं.

"मी पाठ करून घेतलंय," ती म्हणाली. "त्याला एवढंच येतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही पहिल्या नाही हो. एका आजोबांनी तर गठ्ठाच खिशात घातला होता." कपाटातून त्यांनी दुसरा गठ्ठा काढला. "आता तुम्ही ओठ हलवायचे नाहीत."

पहिलं चित्र चमच्याचं. मुठ्याने ते पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिने खालचा ओठ दातांत धरला. दुसरं चित्र. तिसरं. तो तिच्याच तोंडावर शब्द शोधत राहिला आणि शेवटी तिच्या मांडीत डोकं खुपसून बसला.

सोमवारपासून वर्गाला या, बाई म्हणाल्या. तिने वेळ दोनदा विचारली. बाईंनी ती कागदावर लिहिली, कागदाची घडी घातली आणि तिच्या पिशवीत ठेवली.