तळघरातले सहा सेकंद

आमची लेक सतरा दिवस जगात पहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून काही लोक चुकचुकतात, आणि चुकचुकणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो.

लेक सॉफ्टवेअर लिहिते. मोठाल्या गोदामांत कुठला खोका कुठल्या फळीवर आहे हे सांगणारा प्रोग्राम तिच्या कंपनीचा, आणि त्यातला निम्मा तरी तिच्या हातचा. वय चौतीस. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसते आणि शनिवारी सुट्टी मिळाली की विश्रांती म्हणून पुन्हा कॉम्प्युटरपुढेच बसते. खुर्ची तेवढी बदलते.

“शिंपी सुट्टीच्या दिवशी घरी शिवत बसतो का गं?” असं आमच्या हिनं तिला एकदा विचारलं होतं.

“आवड असेल तर बसतो, आई,” लेक म्हणाली, आणि नजर पडद्यावरून काही हलली नाही.

ती खेळते तो गेम पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. एक दिवे लावणारा माणूस टेकडीवरच्या गावातून, गच्च्यांवरून, धुराड्यांवरून उड्या मारत पळतो, रस्त्यावरचे एकेचाळीस दिवे लावतो आणि शेवटी वरच्या बुरुजावर पोचतो. झालं, एवढंच. शाळकरी पोर दोन दिवसांत गेम संपवतं. पण जगभरात काहीशे वेडे असे आहेत की त्यांना तो नुसता संपवायचा नसतो, सगळ्यात कमी वेळात संपवायचा असतो. त्यांची एक यादी असते. खेळताना पडद्याची फिल्म घ्यायची, ती परीक्षकांकडे पाठवायची, त्यांनी पास केली की यादीत नाव.

मी सुरुवातीला पुष्कळ कुरकुर केली. एवढी शिकलेली मुलगी आणि दिवे कसले लावते तर हे, असं तोंडावर म्हणालो. मग एका शनिवारी तिला चहा द्यायला गेलो. ती एका धुराड्यावरून समोरच्या सज्जात उडी मारत होती. तीच उडी. पुन्हा तीच. पडली की वहीत एक रेघ, आणि रेघेपुढे दोन शब्द: ‘लवकर दाबलं’, ‘उशिरा वळले’. मी दारात उभा राहून मोजल्या. त्रेसष्ट उड्या. चहा गार झाला. मी तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. बनून आलेला प्रत्येक तुकडा मापायचा आणि बसला मापात तर पास, नाहीतर त्याच्यावर लाल पट्टा, हे माझं काम. खेळ काय असतो आणि काम काय असतं हे मला कळतं. ती त्या खोलीत करत होती ते काम होतं.

त्यानंतर दर शनिवारी मी तिच्या मागे स्टूल टाकून बसू लागलो. “बाबा, श्वास जरा हळू घ्या,” एवढीच तिची अट होती.

तीन वर्षं ती त्या यादीत वर सरकत होती. बाकीचे सगळे गच्च्यांवरून जायचे. हिनं वाट शोधली ती खालून. बाजारपेठेखाली एक तळघर आहे, मिट्ट काळोख, पडदा पूर्ण काळा. आत काही दिसत नाही, म्हणून कोणी त्या वाटेला जात नसे. ही पावलांच्या आवाजावरून मोजून पळायला शिकली. पाच पावलं सरळ, डावीकडे, तीन पावलं, उडी. पूर्ण गेममध्ये तीनदा ते तळघर लागतं, आणि तिन्ही वेळा ती आंधळी पळते. अखेर तेवीस मिनिटं सहा सेकंद. तोवरचा विक्रम एका परदेशातल्या शाळामास्तराच्या नावावर होता, तेवीस मिनिटं नऊ सेकंद. परीक्षकांनी फिल्म पास केली, लेक पहिली आली, आणि वर्षातून एकदा पहिल्या तिघांना सगळ्यांसमोर खेळायला बोलावतात त्याचं बोलावणंही आलं. तिनं ऑफिसात रजा टाकली.

मला किती आनंद झाला ते लपवण्यात अर्थ नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. बागेतल्या बाकावर माझ्याबरोबर रोज सकाळी बसणारा माझा मित्र, आमच्याच कारखान्यात लेथ मशीनवर पोलाद कातणारा जुना टर्नर, त्याला मी ही बातमी पहिल्या आठवड्यात बहुधा अकरा वेळा सांगितली. बाराव्या वेळी तो म्हणाला, “कळलं रे बाबा, जगात पहिली. आता माझ्या लेथवर नाव कोरून ठेवतो तिचं.”

मग तो शनिवार आला. लेक फिल्म पुन्हा लावून मला दाखवत होती. मीच म्हणालो होतो, दाखव. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ पळत होतं.

“हे घड्याळ गेमचं?”

“नाही. मी लिहिलंय. सगळे तेच वापरतात, दोनशेच्या वर लोक.” तिच्या आवाजात जरा तोरा होता, आणि तो तिला शोभत होता. “एका भागातून दुसऱ्या भागात जाताना गेमला तयारीला वेळ लागतो. कोणाचं मशीन जुनं, कोणाचं नवं. तेवढा वेळ पडदा काळा होतो. तो वेळ कोणाच्याच डोक्यावर नको, म्हणून पडदा काळा झाला की माझं घड्याळ थांबतं.”

“आणि घड्याळ कोणी तपासलं?”

“मीच.”

“ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नसतं,” मी म्हणालो. खोड होती, दुसरं काही नाही. तीस वर्षं हेच वाक्य बोललो होतो.

ती हसली. फिल्म पुढे गेली. तळघर आलं, पडदा काळा झाला, आणि मी सवयीनं पावलं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. पाचव्या पावलाला माझी नजर कोपऱ्यात गेली. पावलं वाजत होती. आकडे हलत नव्हते.

तिलाही ते दिसलं होतं. लेकीचा हात माउसवर गेला, फिल्म मागे गेली, पुन्हा लागली. पावलं वाजत होती, घड्याळ उभं होतं. घड्याळाला काळा पडदा म्हणजे गेमची तयारी एवढंच ठाऊक. आत तिचा माणूस जीव तोडून पळतोय हे त्याला कुठून कळणार? परीक्षकांनाही दिसलं नव्हतं. काळ्या पडद्यावर घड्याळ थांबायचंच, याची त्यांच्या डोळ्यांना सवय झालेली.

तिनं तिन्ही तळघरं मोजली. प्रत्येकी दोन सेकंद. सहा. तेवीस मिनिटं सहाची झाली तेवीस मिनिटं बारा. यादी तिनं उघडलीसुद्धा नाही, तिला ती पाठ होती. मास्तर नऊ, मग दोघं जण दहावर, मग ही. चौथी. आणि बोलावणं फक्त तिघांना.

मीच विचारलं होतं ना, कोणी तपासलं म्हणून! या तोंडाला काय म्हणावं?

आमची ही स्वयंपाकघरातून आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, “मग घड्याळ दुरुस्त कर आणि नवं देऊन टाक सगळ्यांना. झालं ते झालं. तू काय मुद्दाम केलंस?”

यात खोटं काहीच नव्हतं. मुद्दाम केलं नव्हतं. खालून दुसरं कोणी जातच नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कोणाची वेळ बदलणार नव्हती. कोणाला कधी कळलंही नसतं.

लेकीनं फिल्म बंद केली. मग म्हणाली, “आई, ते दोनशे लोक माझ्या घड्याळावर विसंबून पळतात. घड्याळ चुकलं हे मला कळलंय आणि त्यांना माहीत नाही. असं कसं चालेल?”

“आणि बोलावणं?”

“ते तेवीस-सहाला आलं होतं. तेवढ्या वेळात मी पळालेच नाही.”

तिनं तिथेच बसून लिहिलं. लिहिल्यावर आम्हांला आपल्या भाषेत सांगितलं, ते मला तोंडपाठ आहे. ‘मी लिहिलेल्या घड्याळात चूक आहे. चूक माझी आहे. तिचा फायदा फक्त मलाच झाला आहे. माझी वेळ तेवीस मिनिटं बारा सेकंद अशी दुरुस्त करावी आणि बोलावणं पुढच्या माणसाला द्यावं.’ खाली तिचं नाव. बटण दाबल्यावर तिला रडू आलं. आईनं तिला जवळ घेतलं. मी स्टुलावरच बसून राहिलो.

मला तेव्हा तिचा जो अभिमान वाटला तो सतरा दिवसांत एकदाही वाटला नव्हता. आणि त्याच दमात मला माझी लाज वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे वयाच्या सत्तराव्या वर्षी कळलं.

लाज का, ते सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी माझ्यापुढे चाळीस शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे पोलादी दांडे, आले. जाडी मोजायच्या माझ्या मायक्रोमीटरनं मापले, चाळीसच्या चाळीस वीस मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या जाडीचा पाव हिस्सा. मी चाळीसही शाफ्टवर लाल पट्टा ओढला. ज्यानं ते केले होते त्याला साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, आणि त्या वर्षी हेड टर्नर व्हायचा तो झाला नाही. दोन आठवड्यांनी मी मायक्रोमीटर प्रमाण ठोकळ्यावर लावून पाहिला. तो ठोकळा म्हणजे ज्याचं माप पक्कं असतं असा पोलादी तुकडा. मायक्रोमीटर वीस मायक्रॉन जास्त दाखवत होता. शाफ्ट बरोबर होते. मी मायक्रोमीटर दुरुस्त केला आणि गप्प बसलो. चाळीस शाफ्ट तोवर भंगारात गेले होते. झालं ते झालं, मी काय मुद्दाम केलं, हेच मीही स्वतःला समजावलं होतं.

आणि तो टर्नर म्हणजे बाकावरचा माझा मित्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधीच येऊन बसला होता. “काय, कशी आहे आपली जगात पहिली?”

“चौथी आहे.”

“अरेरे! कोणी हरवलं?”

“कोणी नाही. तिची ती उतरली.” मी त्याला सगळं सांगितलं, घड्याळ, तळघर, पत्र. तो ऐकत राहिला आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाला, “वा! पोरगी आहे की कोण! तुझ्यावर गेली.”

“माझ्यावर नाही गेली,” मी म्हणालो, आणि थांबलो तर पुन्हा एकतीस वर्षं थांबेन अशी भीती वाटली म्हणून एका दमात बोललो. “ते चाळीस शाफ्ट. तुझे. ते बरोबर होते. माझा मायक्रोमीटर चुकला होता. मला दोन आठवड्यांनी कळलं होतं आणि मी बोललो नाही.”

तो समोर बघत राहिला. एक बाई कुत्र्याला घेऊन आमच्यासमोरून गेली, तळ्याला वळसा घालून परत आली, तेव्हा तो माझ्याकडे वळला.

“का नाही बोललास?”

“भ्यालो. नोकरी जाईल असं वाटलं. मग उशीर झाला. मग फारच उशीर झाला.”

“मी त्या लेथची मापपट्टी तीनदा तपासली होती,” तो म्हणाला. “माझेच हात तपासले. वर्षभर एकेक काम दोन-दोनदा मापत होतो. हात गेला, असंच वाटलं मला. आणि तू रोज शेजारी बसून डबा खात होतास.”

“हो.”

“चाळीसच्या चाळीस बरोबर होते?”

“चाळीसच्या चाळीस. एक मायक्रॉन इकडेतिकडे नाही.”

त्यानं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि उद्यापासून दुसऱ्या बाकावर बसणार. तो उठला खरा.

“चल,” तो म्हणाला.

“कुठे?”

“माझ्या घरी. आमच्या बाईसाहेबांनी एकतीस वर्षं ऐकवलंय मला. भिंतीवर खिळा वाकडा गेला तरी, म्हणे, चाळीस शाफ्ट! हे तिच्यासमोर बोल. मी सांगितलं तर ती मानणार नाही.”

“माफ केलंस का, ते तरी सांग.”

“ते नंतर बघू. आधी चल.”

तो पुढे चालू लागला. गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारा माणूस, पण मला त्याला गाठता येईना. पाठ ताठ, मान वर. घराच्या फाटकाशी पोचायच्या आधीच त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “अगं, बाहेर ये! इन्स्पेक्टर आलाय, आपले चाळीस शाफ्ट पास करायला!”