विश्न्याची सोडचिठ्ठी

हँडबॉल खेळणाऱ्या पोरीला एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जायचं असेल तर जुन्या क्लबाचा शिक्का मारलेला कागद लागतो. टिसा नदीकाठच्या त्या गावात सगळे त्याला सोडचिठ्ठीच म्हणत. नेवेंकाला नवऱ्याकडून खरीखुरी सोडचिठ्ठी तीन आठवड्यांत मिळाली होती, आणि तीही त्यानं हसत हसत दिलेली. त्यामुळे पोरीच्या कागदाची तिला काही धास्ती नव्हती.

विश्न्या पंधराची. डावखुरी, आणि चेंडू असा सणसणीत मारायची की समोरची गोलकीपर बिचारी आधीच डोळे मिटून घ्यायची. नोवी सादच्या मोठ्या क्लबानं तिला बोलावलं होतं. शाळा, वसतिगृह, जेवण, सगळं त्यांच्याकडून. मोज्यांच्या कारखान्यात उभ्यानं पाळ्या करणाऱ्या आईला आणखी काय हवं? फक्त सोमवारपर्यंत कागद पोचायला हवा. नाही पोचला, तर नियमाप्रमाणे पोरीनं वर्षभर घरी बसायचं, आणि तिची वसतिगृहातली खाट दुसरीला जायची.

"रविवारच्या बैठकीत चुटकीसरशी होईल बघ," नेवेंका तिला म्हणाली.

तिला असं का वाटू नये? क्लब काही कुणा बड्या धेंडाचा नव्हता, गावातल्या आईबापांचा होता. शाळेच्या हॉलचा बॉयलर ओब्राद दुरुस्त करायचा, सामन्याच्या दिवशी बायका खसखशीचे रोल भाजून आणायच्या, आणि सगळ्या संघाच्या जर्सी सहा वर्षं नेवेंकाच्याच मशीनमध्ये धुतल्या जात होत्या. खरं सांगायचं तर नवरा गेल्यावर विश्न्याला वाढवलं ते या हॉलनंच. आईची पाळी सुटेपर्यंत ती तिथंच अभ्यास करायची. कुणी ना कुणी तिच्या हातात लाल मिरचीची चटणी लावलेला पाव द्यायचं. हे ऋण नेवेंका कधी नाकारत नव्हती.

बैठकीत तिच्याखेरीज सहा जण होते. अध्यक्ष रादोसाव, शाळेतले निवृत्त मास्तर, तिला कॉफी देत म्हणाले, "पोरगी गुणी आहे, त्यात वादच नाही. पण ती गेली की संघात उरतात नऊ. त्यातल्या दोघींचे गुडघे कामातून गेलेले. संघ मोडला की पालिका हॉल कराटेवाल्यांना द्यायला टपलेलीच आहे. मग बाकीच्या पोरींनी कुठं जायचं? बसस्टँडवर सिगारेटी फुंकायला?"

"म्हणून माझ्या पोरीचं वाटोळं करायचं, मास्तर?"

"वाटोळं?" ओब्राद खुर्चीत पुढं सरकला. "गेल्या उन्हाळ्यात कोण बोललं होतं गं? 'पोर क्लबानं वाढवायची आणि मलई शहरानं खायची? मुळीच चालणार नाही! आज एकीला सोडाल, तर उद्या हॉलला कुलूप लागेल!' टेबलावर हात आपटून बोलत होतीस. माझी कॉफी सांडली होती, आठवतंय का?"

नेवेंकाचा चेहरा खर्रकन उतरला. आठवत होतं की! गेल्या उन्हाळ्यात त्याच क्लबानं टियानाला बोलावलं होतं. टियाना म्हणजे पहिलीपासून विश्न्याच्या बाकावर बसणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. तिची आई मिलेवा याच टेबलाशी रडत कागद मागत होती. तेव्हा नेवेंका घरोघरी फिरली, एकेकाला पटवलं आणि ठराव करून घेतला की अठरा वर्षं होईपर्यंत कुणालाच सोडचिठ्ठी द्यायची नाही. क्लबासाठी म्हणे! कसलं क्लबासाठी? बोलावणं टियानाला आलं, विश्न्याला नाही, म्हणून बाई जळत होती. टियानानं रागानं खेळच सोडला. आता शाळा सुटली की बेकरीत पाव विकते.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," नेवेंका कशीबशी म्हणाली.

"काय वेगळं होतं? पोर दुसऱ्याची होती, एवढंच ना?"

"ओब्राददादा, पाया पडते तुमच्या. जन्मभर जर्सी धुते. पण तिला जाऊ द्या हो."

"जर्सी काय, कुणीही धुईल," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं.

रादोसावांनी चष्मा काढला. "तुला नाही म्हणताना मला काही बरं वाटत नाही गं. असो. कागद द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

एकच हात वर गेला. खिडकीपाशी इतका वेळ गप्प बसलेल्या मिलेवाचा. बाकीचे पाच जण कॉफीच्या पेल्यात बघत बसले. त्यांचे हात टेबलाखालीच राहिले.

नेवेंकानं मिलेवाला दाराशी गाठलं. "मिलेवा, तुझे उपकार मी..."

"उपकार गेले खड्ड्यात," मिलेवा म्हणाली. "तुझ्यासाठी नाही केला हात वर. पोरीसाठी केला. तुझं तर तोंडसुद्धा बघवत नाही मला."

ती तरातरा निघून गेली. बाहेर पॅसेजमधल्या बाकावर विश्न्या बसली होती. दार नीट लागत नव्हतं, तिनं सगळं ऐकलं होतं.

"रडू नकोस माझी राणी," नेवेंका घाईघाईनं म्हणाली. "आपण वर अर्ज करू, बेलग्रेडला जाऊ, मी कुणाला सोडणार नाही बघ..."

विश्न्या रडत नव्हती. "आई, टियानाला तुझ्यामुळे कागद मिळाला नाही?"

"अगं, तो ठराव सगळ्यांचाच..."

"तू तर म्हणालीस, ती तिकडच्या चाचणीत नापास झाली. म्हणालीस, आपल्याला नावं ठेवते, तिच्या नादी लागू नकोस."

नेवेंकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. विश्न्यानं तो बाजूला केला, रागानंही नाही, नुसता बाजूला केला.

"मी वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आई. बेकरीत गेले तरी पाव उचलायचे आणि तोंड फिरवायचे. आणि ती हाक मारायची मला. दर वेळी मारायची."