बायकांच्या मुतारीचा ठराव

मी भाजी विकणारी. बाजारात बायकांना मुतारी नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. त्यासाठीच निवडणूक लढवली आणि नगराध्यक्ष झाले.

आज नगरपालिकेच्या सभेत मुतारीचा ठराव मांडला, तर सगळ्या पुरुषांचे हात फटाफट वर! एरवी मला बघून नाकं मुरडणारे हे. मनात शंकेची पाल चुकचुकली.

"जागा कुठली?"

नगरसेवक असलेला दीर गोड हसला. "दारूच्या गुत्त्यामागं, वहिनी. मोकळीच आहे."

"तुमची बायको जाईल तिथं, भाऊजी?"

"ती कशाला जाईल?"

"मग बाजाराच्या तोंडाशी, तुमच्या दुकानाशेजारी बांधू. आता करा हात वर."

एकही हात हलला नाही.

"बसा तर. ठराव होईपर्यंत कुणी लघवीलासुद्धा उठायचं नाही."